ग्रुप बॅच आणि स्वतःपुरता कोच : दोन्ही एकत्र कुणी जमवलंय का?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय, जागा चुकली असेल तर संपादकांनी हलवावा.

मी ४४ वर्षांची, सहकारी बँकेत नोकरी. आमच्या भागातल्या लेडीज बॅचला जाते, सकाळी सहा ते सात. तीन दिवस झुंबा, दोन दिवस मॅटवरचे व्यायाम, शनिवारी योगासनं. पंचवीस-तीस जणी असतो. बॅच मला मनापासून आवडते, हे आधीच सांगून ठेवते, कारण इथं लगेच "सोडून द्या" म्हणणारे येतील. बॅच नसती तर मी सहाला उठलेच नसते. एक दिवस दांडी मारली की व्हॉट्सॅपवर "कुठंय गं तू" सुरू होतं, त्या धाकानं तरी जाणं होतं.

अडचण अशी की प्रत्येकीला हवंय वेगळं आणि करतोय सगळ्या एकच. साखरेच्या तपासणीत माझं एचबीएवनसी ६.१ आलंय, मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टर म्हणाले गोळी लगेच नको, पण ताकदीचे व्यायाम वाढवा. शेजारच्या काकू साठीच्या पुढच्या, त्यांना जिना चढताना गुडघा बोलू नये एवढंच पाहिजे. एक मुलगी पोलीस भरतीची तयारी करतेय. दोघी बाळंतपणानंतरच्या. आणि समोर मॅडम, गाणं जोरात, सगळ्यांना एकच स्टेप.

सुरुवातीला वजन उतरलं, दमही वाढला. आता काटा हलायला तयार नाही. जिममध्ये पर्सनल ट्रेनिंगची चौकशी केली, तर आकडा माझ्या आरडीच्या हप्त्याला भिडला.

तर, बॅच चालू ठेवून अधूनमधून फक्त आपल्यापुरतं बघणारा कोच कुणी धरलाय का? कोण काय ठरवतं? बॅचच्या मॅडमना राग येतो का? मराठवाड्यातले अनुभव हवेत. पुण्या-मुंबईचे दर सांगून आम्हाला घाबरवू नका.

ठेचाभाकर (धाराशिव)

पळा की ताई रोज. मैदान फुकट, हवा फुकट. ह्या झुंबा-फिंबाला पैसे कशाला घालवायचे? आमच्या आज्ज्या जात्यावर दळायच्या, त्यांना कुठं होता कोच.

मांजराकाठ

दादा, पहाटे साडेपाचला आमच्या रिंग रोडवर एकटीनं पळून दाखवा. कुत्री, अंधार आणि उसाचे ट्रॅक्टर. जात्यावरच्या आजीला दिवसभर दुसरंही काम होतं आणि आठ तास खुर्चीत बसायचं नव्हतं. असो. विषय पुढे नेऊ या.

टेकडीवाला (छ. संभाजीनगर)

मी जमवलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

मी वाळूजला शिफ्टमध्ये काम करतो. सिडकोत एक फंक्शनल बॅच आहे, पंधरा-सोळा जणांची. रविवारी सगळे मिळून गोगाबाबा टेकडी चढतो. बॅच घेणारा मुलगा वेगळा आणि कोच वेगळा. कोच महिन्यातून एकदा भेटतो, पाऊण तास. बाकी व्हॉट्सॅप.

पहिल्या भेटीत व्यायाम जवळजवळ झालाच नाही. नुसती चौकशी. झोप किती, रात्रपाळी कधी, बीपी, जुनी दुखापत, घरी कोण स्वयंपाक करतं, आणि मुख्य म्हणजे "तुला नक्की काय पाहिजे?" मी म्हणालो फिट व्हायचंय. तो म्हणाला हे काही उत्तर नाही, फिट होऊन काय करणार ते सांग. शेवटी निघालं असं की दोन्ही पोरांना घेऊन दौलताबादचा किल्ला वरपर्यंत न थांबता चढायचा आणि पाठ दुखू द्यायची नाही. मग त्यानं काही गोष्टी मोजल्या. तीस सेकंदांत खुर्चीतून हात न लावता किती वेळा उठतो, प्लँक किती वेळ, दोन मजले चढल्यावर नाडी किती आणि ती एका मिनिटात किती उतरते. कमरेचा घेर टेपनं. वजन सगळ्यात शेवटी.

त्यानं बॅच बदलली नाही. बॅचमध्ये जे चालतं त्याच्याच तीन पायऱ्या करून दिल्या आणि मी कोणत्या व्यायामाला कुठल्या पायरीवर, ते लिहून दिलं. उडी मारून स्क्वॉट असेल तर मी उडी न मारता, पण डंबेल घेऊन. बर्पी (खाली हात टेकून, पाय मागे टाकून परत उडी) आली की हात बाकावर ठेवून. उलट रोइंगला (वजन स्वतःकडे ओढायचा व्यायाम) मी इतरांपेक्षा जड वजन घेतो, कारण पाठीसाठी मला तेच हवंय. समोरच्याला वाटतं मी मागे पडलोय. वाटू दे.

रात्रपाळीच्या आठवड्यात फक्त दोन दिवस बॅच, तीही हलकी. हे बॅचवाल्याला कधीच सुचलं नसतं, कारण त्याला माझी पाळी माहीतच नाही.

हाव_बगा (उदगीर)

धागा वाचतोय. वाखूसा (वाचनखूण साठवली).

फिजिओ_परभणी

मांजराकाठ ताई, तुमच्या काट्याबद्दल आधी.

शरीराला एका पातळीच्या ताणाची सवय झाली की ते बदलायचं थांबतं. पहिले काही महिने झुंबा तुमच्यासाठी नवा ताण होता. आता तेच शरीर तीच गाणी कमी कष्टात नाचतंय. पुढं सरकायचं तर ताण थोडा थोडा वाढवत न्यावा लागतो. वजन वाढवा, आवर्तनं वाढवा नाहीतर विश्रांती कमी करा. तीस जणींच्या बॅचला हे एकत्र करता येत नाही, कारण कालच आलेलीही त्यातच असते. इथं कोचचं काम सुरू होतं.

दुसरं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना प्रौढांसाठी अशा आहेत: आठवड्याला मध्यम जोराची १५० ते ३०० मिनिटं किंवा जोरदार ७५ ते १५० मिनिटं, आणि शिवाय आठवड्यात किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंसाठी ताकदीचे व्यायाम. तुमच्या बॅचमधून पहिला भाग पूर्ण होतोय. दुसरा भाग मॅटवरच्या क्रंचेसनी (पोटाच्या व्यायामांनी) होत नाही. मांड्या, नितंब, पाठ, खांदे यांना वजनाविरुद्ध काम पाहिजे. तुमच्या डॉक्टरांनी "ताकदीचे" म्हटलं त्याला कारण आहे. जेवणातली साखर सगळ्यात जास्त कुठे जात असेल तर स्नायूंत. स्नायू कामाला लागले की ते इन्सुलिनचा फारसा आधार न घेताही साखर ओढतात. म्हणून जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाललात तरी जेवणानंतरची साखर कमी चढते. त्याला कोच लागत नाही, आजपासूनच करा.

एचबीएवनसी साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगतं, तेव्हा दर महिन्याला तपासून जीव जाळू नका. भारतीय बायकांसाठी कमरेचा घेर ८० सेंटीमीटरच्या आत हवा, पुरुषांसाठी ९०. काटा हलत नसताना टेप हललेली मी कितीतरी जणींची बघितलीय.

एकटीनं बसून बोलल्याशिवाय ज्यांनी बॅचमध्ये उतरूच नये, असेही लोक असतात. मधुमेहाचं इन्सुलिन किंवा साखर पार खाली नेऊ शकणाऱ्या गोळ्या चालू असलेले. बीपी आटोक्यात नसलेले. छातीत दुखण्याचा इतिहास असलेले. नुकत्या बाळंत झालेल्या, ज्यांचे पोटाचे स्नायू मधोमध सुटलेत किंवा शिंकताना लघवी सुटते. तुमच्या बॅचमधल्या त्या दोघींना माझ्यातर्फे सांगा, उड्या आणि क्रंचेस थांबवून आधी कुणाला तरी दाखवा. ह्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि बहुतेकींचं बरंही होतं.

मैदानमास्तर (बीड)

मी भरतीची पोरं घेतो. म्याडमनी सांगितलं ते शंभर टक्के खरंय, फक्त आमची भाषा वेगळी.

आमच्याकडं पहाटं मैदानावर साठ-सत्तर पोरं-पोरी असत्यात. नवीन पोरगं आलं की त्याला वाटतं सगळ्यात पुढच्या पोराच्या मागं पळायचं. आठ दिवस पळतंय, मग नडगी धरती, मग घरी बसतंय. लई पोरं अशी वाया गेली. ग्रुपचा जोश चांगलाय पण जोशात माणसाला स्वतःचा वेग कळत नाही.

पोलीस शिपाई भरतीला मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, त्याला २०. शंभर मीटरला १५. गोळाफेकीला १५. गोळा मुलांना ७.२६० किलोचा, मुलींना ४ किलोचा. निम्मे गुण पडले तरच लेखीचा विचार.

आता माझ्याकडं एक पोरगं येतंय, सोळाशेला अठरा गुण घेतंय आणि गोळ्याला पाच. रोज काय करतंय? पळतंयच. कारण पळायला त्याला आवडतं, आणि सगळा ग्रुप पळतोय. मी त्याला म्हणलं, बाबा पळून पळून तू अजून दोनच गुण कमावणार. गोळ्यात दहा पडून आहेत, ते उचल की. आठवड्यातले तीन दिवस त्याला पळण्यातून काढला आणि गोळ्याच्या वर्तुळात उभा केला. पाय कसा टाकायचा, कंबर कशी फिरवायची, गोळा मानेला कसा लावायचा. पहिला आठवडा रुसला. त्याला वाटलं मास्तरनी ग्रुपमधून काढलं.

म्हणून आता मी असं करतो. वॉर्मअप सगळ्यांचा एकत्र, शेवटचं स्ट्रेचिंग एकत्र, घोषणा एकत्र. मधला पाऊण तास ज्याच्या त्याच्या चिठ्ठीप्रमाणं. चिठ्ठी दर पंधरा दिवसाला बदलते.

आमच्या जिल्ह्याचा धावपटू अविनाश साबळे बघा, आष्टी तालुक्यातलं मांडवा. फौजेत भरती झाला, तिथं क्रॉस कंट्रीच्या ग्रुपमध्ये पळायचा. कोच अमरीश कुमारांनी त्याला स्टीपलचेसकडं (अडथळ्यांच्या शर्यतीकडं) वळवलं. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुलमध्ये ८:११.२० वेळ देऊन रौप्य, पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाईत सुवर्ण. नुसत्या ग्रुपमध्येच पळत ऱ्हायला असता तर कुणी त्याला अडथळ्यांवर घातलं असतं का?

हिशोबी_नांदेडकर

सगळं छान आहे, पण "कोच" म्हणजे कोण हे कुणी बोलणार की नाही? आमच्याकडं जिम मालकाच्या मेहुण्यानं दोन महिने दंड काढले की तो कोच. पहिल्या दिवशी पावडरचा डबा, दुसऱ्या दिवशी "फॅट कटर", तिसऱ्या दिवशी सगळ्यांना वाटलेलीच झेरॉक्स, वरती फक्त नाव बदललेलं. ह्याला पर्सनल म्हणायचं? त्यापेक्षा झुंब्याची मॅडम बरी, ती निदान काही विकत नाही.

फिजिओ_परभणी

मुद्दा रास्त आहे. कोच निवडताना त्याचे दंड किंवा इन्स्टावरचे फोटो बघू नका, तो तुम्हाला काय विचारतो ते बघा. कोणती औषधं चालू आहेत, हे त्यानं पहिल्या भेटीत विचारलं का? मागच्या वेळी तुम्ही किती वजन उचललं, हे त्याच्या वहीत आहे का? दुखतंय म्हटल्यावर व्यायाम बदलतो की "नो पेन नो गेन" म्हणतो? आणि पावडर किंवा गोळी विकत असेल तर सरळ उठून या. शिक्षण विचारायला लाजू नका. शारीरिक शिक्षणाची पदवी, फिजिओथेरपी, नाहीतर एखाद्या मान्य संस्थेचा ट्रेनरचा कोर्स, काहीतरी असायला हवं.

बरं, प्रथिनांचं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० च्या शिफारशीत निरोगी प्रौढांना वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितलीत. म्हणजे ६० किलोच्या बाईला पन्नासच्या आसपास. ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात साधारण दहा ग्रॅम असतात. दोन भाकरी, मटकीची उसळ, वाटीभर दही, शेंगदाण्याची चटणी, दोन अंडी असं दिवसभरात बसलं तर डब्याची गरज बहुतेकींना पडत नाही. आमच्या बायकांचं दुखणं असं की उसळ घरच्यांना वाढून झाल्यावर पातेल्यात रस्साच उरतो.

ठेचाभाकर

रस्सा उरतो 😂 आमच्या घरी वाचून दाखवलं. आता मला रस्सा मिळणारे.

मंठ्याची_माहेरवाशीण (जालना)

बॅच आणि कोच ह्यातलं एक बंद पडलं की दुसरं कामाला येतं, हा माझा अनुभव.

आमची बॅच मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये भरते. मालकीणबाई स्वतः बॅचला येतात म्हणून भाडं कमी. पण लग्नाची तिथी असली की हॉल गेला. एप्रिल-मेमध्ये तर आठवड्यातून दोनदा मेसेज येतो, "उद्या हळद आहे, सुट्टी". त्यात ऊन. सात वाजताच अंग भाजायला लागतं. पाण्याचा टँकर आला की निम्म्या जणी मधूनच हंडे लावायला पळतात. मग दोन-तीन महिन्यांत सगळं केलेलं वाया.

कोचनी (बाई आहेत, संभाजीनगरहून महिन्यातून एकदा येतात, एरवी व्हिडिओ कॉल) मला "हॉल नसलेल्या दिवसाचं" वेगळं पान करून दिलं. वीस मिनिटं, दोन बाटल्या, एक दाराला बांधायचा रबरी पट्टा आणि घरचा जिना. उन्हाळ्यात पहाटे किंवा रात्री, आणि जोर कमी करायचा हे त्यांनी ठासून सांगितलं.

दुसरं, पुरुष ट्रेनरकडं आमच्याकडच्या बायका एकट्या जात नाहीत. जाऊ देत नाहीत म्हणा. ह्यावर इथं वादावादी नको. पण बॅचमधल्या चौघी मिळून एका कोच बाईंना बोलावलं तर घरात कुणी काही म्हणत नाही. "बॅचच्याच बाई आल्यात" एवढं सांगितलं की पुरतं.

सिराजची_अम्मी (छ. संभाजीनगर)

रमजानचं पण लिहा कुणीतरी. बॅच सकाळी असते, रोजा ठेवून उड्या मारायच्या म्हणजे पाणी नाही, चक्कर. मी दरवर्षी महिनाभर सोडून द्यायचे आणि ईदनंतर परत पहिल्यापासून सुरुवात. ह्या वर्षी कोचला आधीच सांगितलं. तिने व्यायाम पूर्ण थांबवायला लावला नाही. इफ्तारच्या थोडं आधी पंधरा मिनिटं हलकं चालणं, आणि तरावीहनंतर (रमजानमधली रात्रीची नमाज) दोन दिवसाआड ताकदीचे चार व्यायाम, कमी सेट. ईदनंतर बॅचला आले तेव्हा पहिल्या दिवशी दम लागला पण वजनं तीच उचलता आली.

शुगरवाल्यांनी रोजाचं डॉक्टरला विचारूनच ठरवावं. हे कोचनेच मला बजावलं होतं, मी शुगरवाली नसताना.

गुरुजी_गंगाखेड

वय वर्षे ६७. निवृत्त शिक्षक. लेकरांनो, तुम्ही सगळे वजन, साखर, गुण यावर बोलताय. माझं ध्येय वेगळं होतं म्हणून लिहितो.

पैठणच्या नाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत चालायचं, हे निवृत्तीनंतरचं ठरलेलं. आमचा सकाळचा योगवर्ग आहे. प्राणायाम, सूर्यनमस्कार, शेवटी हास्य. सगळे समवयस्क, गप्पा उत्तम. मला वाटायचं एवढं करतो तर चालणं होईलच. मुलानं पुण्याहून एक ऑनलाइन कोच लावून दिला, मी आधी थट्टाच केली. त्यानं विचारलं, "काका, सर्वात जास्त किती चाललात, आणि दुसऱ्या दिवशी परत चाललात का?" दुसऱ्या दिवशीचं मला कुणी कधी विचारलं नव्हतं. दिंडीत आज वीस किलोमीटर चालून भागत नाही, उद्या पुन्हा चालायचं असतं, त्याच सुजलेल्या पायांनी.

मग त्यानं दोन दिवस लागोपाठ चालणं लावलं, शनिवार-रविवार. अंतर हळूहळू वाढवत नेलं, दर चौथ्या आठवड्याला कमी केलं. ज्या चपला दिंडीत घालायच्या त्याच घालून. टाचा उचलण्याचे व्यायाम, एका पायावर उभं राहणं. योगवर्ग सोडायला सांगितलं नाही, फक्त वृक्षासन जास्त वेळ करायला लावलं आणि मानेचं एक आसन बंद केलं. पासष्टीच्या पुढच्यांनी आठवड्यात तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत, असं फिजिओबाई म्हणतात त्याच सूचनांमध्ये आहे, हेही त्यानंच दाखवलं. आमच्या वर्गातल्या निम्म्या मंडळींनी आता वृक्षासनाची वेळ वाढवलीय, माझं बघून.

वर्ग मात्र सोडणार नाही. कोच फोनवर हसवत नाही.

बॅचवाली (लातूर)

मी स्वतः बॅच घेते. मांजराकाठ ताई ज्या बॅचला येतात ती माझी नसावी 🙂 पण ज्या मॅडमना "राग येतो का" असं त्यांनी विचारलंय, त्या मॅडमच्या वतीनं लिहिते.

राग कोचचा येत नाही. न सांगता केलं की येतो. कुणीतरी एक दिवस अचानक मधल्या रांगेत उभं राहून वेगळंच काहीतरी करायला लागतं. शेजारच्या चार जणी तिचं बघून तेच करतात, गाणं एकीकडं, पाय एकीकडं. मी स्टेजवरून काय सांगणार? मला वाटतं माझ्या शिकवण्यातच काही कमी आहे.

तीस जणींचे गुडघे मला समोरून दिसत नाहीत, हे मी मोकळेपणानं सांगते. बॅचची फी महिन्याला आठशे-हजार, त्यात प्रत्येकीची वही ठेवणं जमत नाही. पण एवढं जमतं: प्रत्येक स्टेपला एक बिनउडीचा प्रकार मी करून दाखवीन. कोपऱ्यात एक जागा ठेवीन, तिथं ज्यांच्याकडं चिठ्ठी आहे त्यांनी उभं राहायचं. आणि आठवड्यातला एक झुंबा काढून तिथं डंबेलचा दिवस लावायला मी तयार आहे. पण झुंबा काढला की पहिल्या आठवड्यात पाच जणी बॅच सोडतात, हेही सांगते. लोक नाचायला येतात. ताकदीचं नाव काढलं की "अंगाला दंड येतील" म्हणतात.

फिजिओ_परभणी

दंड येणार नाहीत म्हणावं. बायकांत टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या मानानं फार थोडं असतं. दंड आणायला पुरुषांनाही वर्षं लागतात, तुम्हाला नकळत येणार नाहीत.

बॅचवाली ताई, गाणी तशीच ठेवा. फक्त जोर किती लावायचा ते प्रत्येकीला स्वतः मोजायला शिकवा. शून्य ते दहा. शून्य म्हणजे पलंगावर पडून, दहा म्हणजे आता जीव जातो. पाच-सहाला बोलता येतं पण गाता येत नाही. सात-आठला दोन-चार शब्दांपुढे बोलणं होत नाही. एकाच गाण्यावर एकीला "आज सहाच्या वर जाऊ नका" आणि दुसरीला "ह्या दोन गाण्यांत आठपर्यंत जा" असं कोच सांगू शकतो. तीस जणी, गाणं एक, आकडे वेगवेगळे. बीपीच्या काही गोळ्यांनी नाडीचा वेग दबलेला असतो, त्यांच्यासाठी घड्याळातल्या नाडीपेक्षा हाच आकडा जास्त भरवशाचा.

हिशोबी_नांदेडकर

ठीक. पैशाचं कुणीच बोललं नाही अजून. टेकडीवाले, आकडा सांगा.

टेकडीवाला

बॅच हजार. कोचची महिन्याची एक भेट आणि व्हॉट्सॅप मिळून बाराशे. पहिल्या भेटीचे वेगळे घेतले होते. रोजच्या पर्सनलला हेच लोक सहा-सात हजार मागतात.

मंठ्याची_माहेरवाशीण

आमच्याकडं चौघींत वाटून माणशी चारशे-पाचशे पडतात. बाईंचा येण्या-जाण्याचा खर्च आमच्याकडं, जेवण माझ्या घरी.

मैदानमास्तर

पोरांकडून मी चिठ्ठीचे वेगळे पैसे घेत नाही. पण म्हणून मला रात्री अकरा वाजता "सर उद्या काय करू" असले मेसेज करू नयेत, ही विनंती इथं पण लिहून ठेवतो, कारण आमची दोन-तीन पोरं हा धागा वाचायलेत.

मांजराकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

काल बॅच संपल्यावर विषय काढला. आम्ही सहा जणी तयार झालोत. ठरलं असं: बॅच आहे तशी. दर पंधरा दिवसांनी एक कोच बाई येणार, बॅच संपल्यावर दीड तास, प्रत्येकीला पंधरा मिनिटं. बाकीच्या तोवर त्यांच्या नजरेसमोर आपापले ताकदीचे व्यायाम करणार. दोन दिवस आम्ही झुंब्याऐवजी कोपऱ्यात डंबेल. आमच्या मॅडमना आधी विचारलं. थोड्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या की पहिल्या दिवशी मीही बसते, मला पण कंबरदुखी आहे. म्हणजे आता सात जणी.

भरतीवाली मुलगी मात्र आमच्यात नको असं माझं मत झालं, मैदानमास्तरांचं वाचून. तिला मैदानच पाहिजे. झुंबा तिनं हौस म्हणून करावा. तिला अजून पटलेलं नाही.

बाळंतपणानंतरच्या दोघींपैकी एक दाखवायला गेली. दुसरी "काही नाही होत" म्हणतेय. तिच्या मागे लागलेय.

एक शंका राहिली. कोच बाई म्हणतात गुडघेवाल्या काकूंनी पण वजन घेऊन स्क्वॉट करायचे. काकूंचा मुलगा म्हणतो गुडघा दुखत असेल तर वाकवायचाच नाही. कुणाचं खरं?

फिजिओ_परभणी

न बघता पक्कं सांगणार नाही. सूज आहे का, गुडघा अडकतो का, रात्री झोपेत दुखतो का, एवढं आधी कळायला हवं. पण वयानं झिजलेल्या साध्या गुडघ्याला पूर्ण विश्रांती दिली की मांडीचे स्नायू आणखी बारीक होतात आणि सगळा भार सांध्यावर येतो, म्हणून मुलाचं म्हणणं बहुतेक वेळा उलटं पडतं. सुरुवात उंच खुर्चीवरून बसणं-उठणं, हाताच्या आधारानं, वजन न घेता. व्यायाम करताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत थांबलं तर चालेल. दुसऱ्या दिवशीही तेवढंच दुखत असेल किंवा सूज आली, तर त्या दिवशी जास्त झालं असं समजायचं आणि एक पायरी खाली उतरायचं. वजन त्याच्या बरंच नंतर. कोच बाईंना हे विचारा. त्यांनी पहिल्याच दिवशी वजन द्यायचं म्हटलं असेल, तर कारणही विचारा.

ठेचाभाकर

माझ्या बायकोनं वाचला धागा. ती विचारतेय, धाराशिवला कुणी कोच बाई आहेत का.

मंठ्याची_माहेरवाशीण

दादा, विपू (विचारपूस, म्हणजे इथला निरोप) केलीय. पण चार जणी जमवायला सांगा त्यांना, एकटीसाठी त्या बाई एवढ्या लांब येणार नाहीत.